रद्दीवाल्या बाई

आमच्या बाईंना नाकानं पुस्तक वाचता येतं, असं शाळेतल्या मुली एकमेकींना सांगत. त्यात थोडं तथ्य होतं. रद्दीच्या ढिगातून काढलेलं पुस्तक बाई लगेच उघडत नसत. दोन्ही हातांत धरून ते नाकाशी नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "हे मिरचीच्या पोत्यांजवळ पडलेलं होतं." किंवा, "हे औषधांच्या कपाटातलं. या घरात कोणीतरी बरेच दिवस आजारी होतं." मग एक शिंक. शिंक झाली की पदर नाकाला लावून त्या पुस्तकाचं शेवटचं पान बघत. ते असलं तर पुस्तक मांडीवर, नसलं तर बाजूला. पहिली वीस पानं गेलेली असली तरी त्यांचं काही म्हणणं नसे.

मी खामगावच्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी अमरावतीची, वय बावीस-तेवीस, आणि एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला गावात कोणी तयार नाही. मुख्याध्यापिकांनी माझी सोय बाईंकडे लावली. बाई आमच्याच शाळेत मराठी शिकवत. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या, पांढरं नऊवारी, कपाळ मोकळं, पायात पुरुषी चपला आणि खांद्याला कायम एक कापडी पिशवी. त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत चूल आणि दुसरीत चहाची रिकामी खोकी, छतापर्यंत रचलेली, सगळी पुस्तकांनी भरलेली. माझी वळकटी पसरायला त्यांनी तीन खोकी सरकवली आणि म्हणाल्या, "उशी इकडे कर. पायाशी भूगोल येतो. रोज पाय लागेल, रोज नमस्कार करायला उठू नकोस. भूगोलाला सवय आहे."

दर रविवारी सकाळी त्या कापसाच्या बाजारामागं असलेल्या रद्दीच्या गोदामात जात. गोदामाचा मालक म्हातारा होता, सगळे त्याला चाचा म्हणत. सगळ्या जिल्ह्याची रद्दी त्याच्याकडं गोळा होई. फेरीवाले लांबलांबच्या गावांहून गठ्ठे आणत, पार सिंदखेडराजाच्या बाजूचेही. कोर्टाचे कागद, वह्या, पंचांगं, पत्रिका, आणि त्यात कुठंतरी पुस्तकं. बाई दारातून आत गेल्या की चाचा एक पोतं झटकून अंथरी. "बैठो बाई. नवा माल आला. पन गठ्ठा सोडशीन तं बांधूनही तूच देजो." बाई शाळेत अगदी छापील बोलत. गोदामात त्यांची भाषा बदलायची. "बांधून देतो बाप्पा. कधी नाई बांधला काय?"

पहिल्या रविवारी मी नुसती उभी राहिले, धुळीनं माझा जीव घाबरला. दुसऱ्या रविवारी बसले. तिसऱ्या रविवारी एका गठ्ठ्यात, जुन्या जमाखर्चाच्या वह्यांच्या मध्ये, माझ्या हाताला काहीतरी जाड लागलं. कुणीतरी एका मासिकाचे बारा अंक एकत्र करून सुतळीनं शिवले होते. वर जुन्या साडीचा काठ लावला होता. आत कवितांच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "हे खरं आहे", "हे खोटं", "हे ताईला दाखवणे". कोण बाई होती, तिची ताई कोण होती, काही कळायला मार्ग नाही. पण त्या दिवशी जे वाटलं ते मला अजून आठवतं. ढिगात हात घालावा आणि हाताला कुणाचा तरी हात लागावा, तसं. मी वर पाहिलं तर बाई माझ्याकडंच बघत होत्या. "चटक लागली तुला," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर रविवार उजाडायच्या आधी मीच पिशवी झटकून तयार असे.

त्यांना हे वेड कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडताना, मान वर न करता. नवव्या वर्षी लग्न आणि बाराव्या वर्षी कुंकू गेलं. सासरी त्या मोठ्या घरात पुस्तकं होती, पण त्या मुलीनं हात लावायचा नाही. अक्षरओळख तेवढी माहेरी झालेली. मग वाण्याकडून येणाऱ्या पुड्या. जिरं, हळद, सुंठ, ज्या कागदात येई तो कागद ती मुलगी चुलीत टाकायच्या आधी वाचायची. "कुठंही सुरू व्हायचं," बाई म्हणाल्या. "एक बाई विहिरीवर गेलेली आहे आणि मागून कोणीतरी हाक मारतंय. संपला कागद. कोणी हाक मारली, ती वळली का, काही नाही. आठ वर्षं मी अशाच गोष्टी वाचल्या. एकीलाही शेवट नव्हता." पुढं एका चुलत दिरानं धाडस करून त्यांना वर्ध्याला शिकायला पाठवलं. पण तोवर जो चटका बसायचा तो बसून गेला होता.

म्हणून पुड्यांच्या बाबतीत त्यांचं स्वतःवर काही चालायचं नाही. एकदा मी वाण्याकडून धणे आणले. धणे परातीत पडले आणि बाईंचं लक्ष कागदावर गेलं. चांगल्या जाड कागदावरचं प्रवासवर्णन होतं. त्या तशाच उठल्या, चपला घातल्या आणि दुकानात गेल्या. वाण्यानं निम्मं पुस्तक फाडून वापरलं होतं, निम्मं खिळ्याला टांगलेलं. उरलेलं त्यांनी काढून घेतलं, त्याला घरची जुनी वर्तमानपत्रं नेऊन दिली, आणि विचारलं, "सकाळपासून कोणाकोणाला पुड्या दिल्या?" वाण्यानं बिचाऱ्यानं आठवून आठवून सांगितलं. मग आम्ही दोघी घरोघर. "तुमच्याकडे मोहरी आली का आज? कागद ठेवलाय का?" एका घरी पुडी अजून सोडली नव्हती. तिथं बाईंनी स्वतः मोहरी बरणीत ओतून दिली. एका घरी कागदावर भजी काढलेली. तो तेलकट कागद त्यांनी पदरात घेतला. संध्याकाळपर्यंत सात पानं सोडून सगळं पुस्तक गोळा झालं. रात्रीच्या स्वयंपाकाआधी त्यांनी कणकेची खळ शिजवली, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातला, आणि दाभणानं पुस्तक शिवून टाकलं. "सात पानांत तो माणूस कुठं गेला असेल?" हे मात्र त्या पुढे महिनाभर अधूनमधून विचारत.

गावात लोक हसत. मुली त्यांना रद्दीवाल्या बाई म्हणत, पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं. शिवलेली पुस्तकं त्या याच मुलींना वाचायला देत, आणि परत मागत नसत.

पुस्तकांत पुस्तकाखेरीज पुष्कळ निघतं. पिंपळाची पानं, लग्नाच्या अक्षता, फोटो, जन्मपत्रिका, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. पानं आणि अक्षता बाई जिथल्या तिथं राहू देत. पण ज्याच्यावर माणसाचं नाव आहे अशी वस्तू मिळाली की ती बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जाई, आणि सुट्टीत बाई ती पोचवायला निघत. "ज्याचं त्याला गेलं पाहिजे," यावर त्या ठाम होत्या. एका हवालदाराला त्याची शाळेची जुनी गुणपत्रिका द्यायला गेल्या, तर तो चौकीबाहेर येऊन हात जोडायला लागला. "बाई, मी नापास झालतो हे माह्या बायकोलेबी माईत नाई. घेऊन जा माय हे." बाईंनी ती तिथंच फाडून तुकडे त्याच्या मुठीत दिले. परत येताना रस्ताभर हसत होत्या. मीही हसले. देण्यातसुद्धा घोटाळा होऊ शकतो हे त्या दिवशी आम्हाला कळायला हवं होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, चाचाकडच्या एका गठ्ठ्यात शिवणकामाचं पुस्तक निघालं. कव्हर नव्हतं, पानांवर खडूचे डाग होते. बाईंनी ते घरी आणलं, आणि चाळताना त्यातून निळं आंतरदेशीय पत्र खाली पडलं. पत्ता पूर्ण लिहिलेला होता. सखाराम अमुक, मुक्काम पोस्ट सोनाळा. पाठवणारीचं नाव गोदावरी, दुसरबीड. चिकटवलेलं नव्हतं. पोस्टाचा शिक्का नव्हता. बाई दुसऱ्याचं पत्र वाचत नसत, पण ते उघडंच होतं आणि उचलताना नजर गेली. त्या उभ्या होत्या, त्या खाली बसल्या.

"काय आहे?" मी विचारलं.

"पोरीला माहेरी जायचं होतं," त्या म्हणाल्या. "भावाला बोलावलंय."

आत तारीख होती. पाच वर्षांपूर्वीची.

मी म्हटलं, पोस्टात टाका. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी नुसता कागद दारात पडला तर त्या माणसानं काय करायचं? कोणी समोर पाहिजे. मग मी म्हटलं, जाळून टाका. ती बाई आता तिथं रुळली असेल, तिला मुलं असतील, काय मिळणार आहे कोणाला? बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पत्र पिशवीत ठेवलं. पुढच्या रविवारी आम्ही गोदामात न जाता एस.टी.त बसलो.

शेगाववरून वरवटला गाडी बदलून सोनाळ्याला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. उत्तरेला सातपुडा अगदी जवळ दिसत होता. सखाराम गावाबाहेर मळ्यात भेटेल असं कळलं. वांगी, मिरची, थोडा कांदा. विहिरीजवळच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. चाळिशीचा माणूस होता, खाली मान घालून काम करणारा. दोन शिकलेल्या बायका कशाला आल्या म्हणून गोंधळला. बायकोला हाक मारून त्यानं बाज टाकायला लावली.

बाईंनी पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं पत्ता पाहिला आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"हे कुठून आलं?"

बाईंनी सगळं सांगितलं. रद्दी, पुस्तक, पत्र. त्यानं ते उलटंपालटं केलं. "हे तिचं हाय? तिनं मले एक पत्र टाकलं होतं. येऊ नको म्हने. मी दिवाळीले तिले आनाले गेलतो, सासूनं धाडलं नाई, मी बोललो सासूले. मानूस हाय, बोललो. त्याच्यावर महिन्यानं पत्र आलं तिच्या हातचं. तुह्यानं माही इज्जत जाते, पुन्हा येऊ नको. मग मी काऊन जाऊ?" त्यानं पत्र बाईंच्या पुढं धरलं. "मले बारीक अक्षर लागत नाई. तुम्हीच वाचा."

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं. त्यांच्या आवाजात मी ते एकदाच ऐकलं, पण मला ते पाठ आहे.

"ती. दादास गोदाचा नमस्कार. येथील सर्व खुशाल. दादा, मागल्या पत्रात येऊ नको असं लिवलं ते माह्या मनचं नाही. सासूबाई सांगत होत्या अन् मी लिवत होती. हे समोर बसले होते. तू राग धरू नको. येशील तं कोनाशी बोलू नको, भांडू नको, नुसता ये. आईच्या पायाची सूज उतरली काय? तिले सांग मी येते. हे पत्र टाकाले कोनी भेटलं की टाकीन."

विहिरीवर पाणी पडायचा आवाज येत होता. सखाराम जमिनीकडं बघत होता. त्याची बायको पदर तोंडात धरून उभी होती.

"माय मेली आमची," तो म्हणाला. "चार सालं झाले. सूजेनंच मेली. शेवटाले गोदा गोदा करत होती. मी तिले कळवलं नाई. म्हटलं, तिले आपली लाज वाटते, तं कायले कळवा? कोनी म्हटलं पत्र टाक, मी म्हटलं नाई टाकत." मग त्यानं एकदम मान वर केली. "तुम्ही काऊन आनलं हे? पाच सालं रद्दीत होतं, तिथंच सडलं असतं. मी का तुम्हाले मागाले आलो होतो?"

तो उठला आणि मिरच्यांमधून वाट काढत मळ्याच्या टोकाला निघून गेला. पत्र त्याच्या हातात होतं. त्याच्या बायकोनं आम्हाला चहा दिला आणि निघताना पिशवीत वांगी घातली. "मनावर घेऊ नका बाई," ती म्हणाली. "आनलं तं आनलं."

परतीच्या गाडीत मी बाईंना बोलले. मला राहवलं नाही. "काय केलंत तुम्ही हे? त्याचा राग होता तिच्यावर, त्या रागावर तो धड जगत होता. आता काय राहिलं त्याच्याजवळ? तुम्हाला तुमच्या गोष्टीचा शेवट पाहिजे होता, म्हणून तुम्ही गेलात." मी असं बोलले. चोवीस-पंचवीस वर्षांचं माणूस किती सहज बोलून जातं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. पुढे मी कितीदा ठरवलं की ते शब्द परत घ्यावेत, आणि कितीदा वाटलं की त्या विसरल्या असतील. त्या विसरल्या नव्हत्या हे मला आज नीट कळतं.

पुढच्या रविवारी बाई गोदामात गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. डब्यात एक फोटो आणि एक पत्रिका पडून होती, त्यांना हात लावला नाही. चौथ्या आठवड्यात चाचा स्वतः काठी टेकत घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई बीमार है क्या? गठ्ठे जमा झाले. कोनी सोडाले नाई." बाई म्हणाल्या, "येईन चाचा." पण गेल्या नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी, शाळा सुटून आम्ही घरी आलो तर ओट्यावर सखाराम बसला होता. जवळ भाजीची टोपली. डोळे लाल. आत आला, पाणी प्यायला, आणि टोपली पुढं सरकवून बोलायला लागला. कितीतरी दिवसांनी कोणाशी बोलत असावा तसा.

"मी दुसरबीडले जाऊन आलो बाई. त्यांचं रस्त्यावरच दुकान हाय. तिचे मालक गल्ल्यावर बसले होते. मी कोनाशी बोललो नाई. तिनं लिवलं होतं ना, बोलू नको म्हनून. नुसता उभा राह्यलो. मंग गोदा बाहेर आली. वळखलीच नाई मले पह्यले. वाळून गेली. मी पत्र पुढं केलं. म्हटलं, गोदे, हे मले आता भेटलं. तिनं पाह्यलं. सासू दारात. मालक गल्ल्यावर. तिनं पाह्यलं अन् म्हने, हे माहं नाई."

"असं म्हणाली?" मी विचारलं.

"हाव. म्हने, हे माहं अक्षर नाई. माही माय मेली तवा मले कोनी पत्र टाकलं नाई, मंग मी काऊन कोनाले पत्र टाकू? सगळ्यायसमोर. मायचं तिले बाजारात कोन्या परक्या बाईनं सांगतलं म्हने, सहा महिन्यानं." त्यानं डोळ्यांवर हात दाबले. "तं बाई, ते तिचं नसनच. कोनाचं तरी दुसरं असन. तुमची चूक झाली असन."

त्याला तसंच असायला हवं होतं, हे त्याच्या आवाजावरून दिसत होतं. बाईंनी हो म्हटलं असतं तर तो जरा हलका होऊन सोनाळ्याला परत गेला असता. मला वाटलं, म्हणा बाई. एकदा तरी खोटं बोला.

बाईंनी विचारलं, "कागद कुठं आहे?"

"तिच्याजवळच."

"फाडला तिनं?"

"नाई."

"चुलीत घातला?"

"नाई. कमरेले खोसला अन् आत गेली."

"मग तिचाच आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा कागद कोणी कमरेला खोसत नाही."

सखाराम रडायला लागला. मोठा माणूस रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला बाहेर जावंसं वाटलं, पण बाई हलल्या नाहीत म्हणून मीही बसून राहिले. तो शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग आता मी काय करू?"

"जात राहा," बाई म्हणाल्या. "ती बोलेल ते ऐकून घ्या. आईचं कळवलं नाहीत, ते तिला बोलायचं असेल, चार वेळा, दहा वेळा. बोलू द्या. उत्तर देऊ नका."

तो जात राहिला. दर दिवाळीला, भाऊबीज झाली की. येताना खामगावला उतरे, टोपली ठेवी आणि काय झालं ते बाईंना सांगे. पहिल्या वर्षी गोदानं लुगडं घेतलं नाही, पण पाणी दिलं. दुसऱ्या वर्षी बाहेरच आली नाही. तिसऱ्या वर्षी दुकानात कोणी नसताना एवढंच विचारलं, "माय शेवटाले काय म्हने?" त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं आणि दार लावून घेतलं. हे ऐकल्यावर बाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

दरम्यान माझं लग्न झालं. खामगावातच, बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. बाई निवृत्त झाल्या. गोदामात पुन्हा जायला लागल्या होत्या, पण डब्यातलं काही पोचवायला जायच्या आधी आता चारदा विचार करीत, आणि पुष्कळदा ते तसंच ठेवून देत. चाचा गेला. त्याच्या जावयाला बाईंना पोतं अंथरायचं माहीत नव्हतं, त्या स्वतः अंथरून घेत. मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मी त्यांना हाताला धरून नेई आणि एकेक पुस्तकाचं नाव वाचून दाखवी. पत्र सापडल्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. एकदा माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी घेतलं, चाचपलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी गाडीत तू बोललीस ते सगळंच काही चूक नव्हतं."

मी म्हटलं, "बाई, सोडा ते."

"सोडलंय. पण चूक नव्हतं."

मी त्याच वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. गोदामात माणसं होती, वजनकाट्याचा आवाज होता. मी पुढच्या पुस्तकाचं नाव वाचलं.

त्या चैत्रात बाई तीन दिवसांच्या तापानं गेल्या. वर्ध्याहून पुतण्या आला, त्यानं सगळं नीट केलं. पुस्तकं शाळेला द्यायची असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शाळेच्या मुली रांगेनं येऊन, उन्हात, एकेक खोकं दोघीदोघींनी धरून घेऊन गेल्या. खोली एवढी मोठी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मी ती खोली झाडत होते. दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. सखाराम होता, केस पांढरे झालेले. त्याच्यामागं एक वाळलेली, उंच बाई, डोक्यावर पदर, हातात लहानसं गाठोडं.

"बाई हायत काय?" सखारामनं विचारलं.

मी सांगितलं. त्याच्या हातातली टोपली त्यानं हळूच खाली ठेवली. मागची बाई तशीच उभी राहिली, जसं काही ऐकलंच नाही. मग ती आत आली, रिकाम्या खोलीत सगळीकडं पाहिलं, आणि भिंतीजवळ जमिनीवर बसली.

"मी गोदा," ती म्हणाली. "सासू गेली औंदा. मालकाले म्हटलं, खामगावले एक बाई हाय, तिच्या पायावर डोकं ठेवून येतो. ते काही बोलले नाई." मग म्हणाली, "ते पत्र म्याच लिवलं होतं. तेवढं त्यायले सांगाचं होतं. सगळ्यायसमोर नाई म्हटलं मी. त्यायले खोटं पाडलं. सांगाचं राह्यलं."

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"कोनं सांगतलं?"

"तुमच्या भावानंच. तुम्ही कागद कमरेला खोसला म्हणाला. तेव्हाच बाई म्हणाल्या, तिचाच आहे."

तिनं सखारामकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. ती रडली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. मी चहा केला, तो तिनं घेतला. उन्हं उतरायला लागली तशी ती उठली आणि गाठोडं उचललं.

मी म्हटलं, "दुसरबीडला आता थेट गाडी मिळायची नाही. मेहकरला बदलावी लागेल."

"दुसरबीडले नाई," गोदा म्हणाली. "सोनाळ्याले चालली मी. चार दिवस."